एकाच बटणाचा आवाज

४ फेब्रुवारी

मायना काय लिहावा ते ठरेना, म्हणून सोडून दिला आहे.

काम आहे म्हणून लिहिते आहे. तुझा जुना कीबोर्ड अजून इथेच आहे आणि मी त्याच्यावरच काम करते. जाताना तू म्हणाला होतास, नेत नाही, जड आहे. तो खरंच जड आहे. त्याची बटणंही जड आहेत. तू गेल्यापासून मी त्याच्यावर डॉक्टरांचे अहवाल उतरवते. ते बोलून ठेवतात, मी हेडफोन लावून ऐकते आणि टाइप करते. आता उजव्या हाताची शेवटची दोन बोटं माझ्याबरोबर उठत नाहीत. मी उठते, चहा टाकते, ती दोघं मागाहून येतात.

हाताच्या डॉक्टरीणबाईंनी मनगट वाकवून पाहिलं आणि काम काय करता म्हणून विचारलं. मी सांगितलं. "म्हणजे आमच्याच माणसांनी केलंय हे," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, काम बदला, नाहीतर कीबोर्ड बदला. या वयात काम बदलणार नाही.

तुला यातलं कळतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी एका बटणाखालच्या स्प्रिंगबद्दल तू जेवण संपेपर्यंत बोलला होतास आणि मी ऐकलं होतं. त्याची परतफेड म्हणून सांग, काय घेऊ. हलकं दाबलं जावं. अंकांची बटणं हवीत, औषधाच्या मात्रेत चूक चालत नाही. आणि आवाज नको. माझं टेबल आईंच्या भिंतीला लागून आहे, त्या दुपारी पडतात.

आई बऱ्या आहेत. नवऱ्याशी फारकत झालेली बाई त्याच्या आईला सांभाळते याचं शेजाऱ्यांना अजून नवल वाटतं. आईंना वाटत नाही, मलाही नाही. डोळ्यांत थेंब घालते, पण आता ते सवयीपुरतेच. खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढंच त्यांना दिसतं. रविवारच्या फोनवर त्या तुला हे सांगत असतील, किंवा नसतील.

फक्त कीबोर्डबद्दल लिही.


१२ फेब्रुवारी

तुझं उत्तर मिळालं. तीन पानं. घर सोडलंस तेव्हा फ्रिजवर दोन ओळी होत्या. तक्रार करत नाही, प्रमाण सांगते.

आईंना वाचून दाखवायला घेतलं.

"कोणाचं?"

"तुमच्या चिरंजीवांचं."

"काय म्हणतो?"

"स्विच तीन प्रकारचे असतात, म्हणतो."

"बरा आहे ना तो?"

तू लिहिलेल्या दुकानात गेले. ते एका जिन्याखाली आहे. दुकानदार लांब मानेचा आणि बारीक, बटण दाबताना डोळे मिटतो. त्याने एका लाकडी पाटीवर बटणांखाली असतात ते निरनिराळे स्विच बसवून ठेवले आहेत, येणाऱ्याने दाबून पाहावेत म्हणून. मलाही डोळे मिटायला लावले. "रंग बघितला की माणूस बोटाचं ऐकत नाही," म्हणाला.

पहिला स्विच सरळ तळाला गेला. मध्ये कुठे काही नाही. बोट जाऊन आपटलं तेव्हा कळलं की पोचलो. हा खेळणाऱ्या मुलांचा लाडका, दुकानदार म्हणाला. दुसऱ्याला मध्यावर बारीकसा उंचवटा होता, उंबरठ्यासारखा. तो ओलांडला की अक्षर उमटतं, पुढे जायची गरज नाही. तिसऱ्यालाही उंबरठा, शिवाय ओलांडताना टक् असा आवाज. "हा तुमच्याकडे आहे त्याचा पुतण्या," तो म्हणाला.

मी म्हटलं, मी तर रोज तळापर्यंत जाते.

"सगळेच जातात," तो म्हणाला. "अक्षर अर्ध्या वाटेवर उमटतं हे कोणी सांगितलेलंच नसतं."

तू सुचवलेला दोन तुकड्यांचा कीबोर्डही पाहिला. डावा हात डावीकडे, उजवा उजवीकडे, मधे मोकळं टेबल. खांद्याला बरं वाटलं. पण मधल्या एका अक्षराला मी उजवं बोट लावते, ते डाव्या तुकड्यात गेलं होतं. माझं बोट टेबलावर आपटत राहिलं. दुकानदार म्हणाला, महिन्याभरात सवय होईल. घरी येऊन आईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तुकडे कशाला आणखी?"

म्हणून अखंडच घेते आहे. अंकांची बटणं उजवीकडे असली की माउस लांब जातो आणि खांदा ओढला जातो, हे तुझं बरोबर. अंकांची वेगळी छोटी पेटी मिळते, ती डाव्या हाताला ठेवणार. स्विच दुसऱ्या जातीचे, उंबरठावाले, आत रबर बसवलेले. दाबले तरी आवाज नाही, सोडले तरी नाही. शिवाय प्रत्येक स्विच चिमट्याने उपटून बदलता येतो, असं तू दोनदा लिहिलं आहेस. ते कशाला लागेल कळत नाही, पण तसाच मागवला आहे.

यापुढे लिहायचं कारण उरलेलं नाही. आभार.


२३ फेब्रुवारी

तू विचारलंस म्हणून लिहिते. कीबोर्ड आला. चांगला आहे. वाळूवर टाइप केल्यासारखं वाटतं. पहिले दोन दिवस अक्षरं उमटली की नाही हे पडद्यावर बघून खात्री करावी लागली. आता बोटांनाच उंबरठा कळतो. शेवटची दोन बोटं अजून उशिरा येतात, पण चहा उकळायच्या आत येतात.

एक गंमत झाली. समोरच्या बाई दुपारी विरजण मागायला आल्या. आईंनी दार उघडलं आणि सांगितलं, घरात कोणी नाही, ती बाहेर गेली आहे. मी आतच होते. हेडफोन लावलेले, समोर कोणाच्या तरी मूत्रपिंडाचा अहवाल. बाई गेल्या. संध्याकाळी जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, काय हो, मागच्या दाराने येता-जाता की काय.

आईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला काय ठाऊक? तुझी टकटक नव्हती."

तेव्हा कळलं की त्या माझ्यावर कान ठेवून असत. त्यांनी आयुष्यभर कचेरीत टंकलेखन केलं हे मी विसरून गेले होते. भिंतीपलीकडून त्यांना स्पेसबार वेगळा ऐकू येई, खोडायचं बटण वेगळं. मी फार खोडते आहे असं वाटलं की त्या समजत, डोकं दुखत असेल. मग चहा आणायच्या. भिंतीला हात लावत, पेला अर्धाच भरून, सांडू नये म्हणून. मला वाटायचं त्यांना योगायोगाने सुचतं. तशा त्या चुकतही पुष्कळ. भराभर टाइप केलं की मी चिडले आहे असं त्या समजत. मी फक्त भराभर टाइप करत असे.

"आता कसं?" मी विचारलं.

"आता काय, तू मांजर झालीस."

दुपारी त्या पडतात असं मी तुला लिहिलं होतं. पडतात, पण झोपत नाहीत. मी उगाच आवाज वाचवला.

तू मंगळवारीही फोन करतोस हे तुझ्या पत्रातूनच कळलं, मला माहीत नव्हतं. रविवारचा तेवढा माहीत होता. करू नकोस असं नाही.


२ मार्च

तुझं पत्र वाचलं. पुन्हा वाचलं.

आईंना तुझ्याकडे न्यायचं म्हणतोस. तळमजल्यावर खोली तयार आहे, खिडकी पूर्वेला आहे, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तू स्वतः येऊन नेशील. मुलाचा हक्क आहे, मी कोण अडवणारी? फारकतीचे कागद झाले त्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "तुमचं काय ते तुमचं. मला माझ्या खोलीतून कोणी हलवू नका." पण ते तेव्हाचं. माणसाचा विचार बदलतो.

त्यांच्या सवयी लिहून ठेवते, म्हणजे ऐन वेळी घाई नको. दार एकतर पूर्ण उघडं ठेव, नाहीतर पूर्ण बंद. अर्धं दार कपाळाला लागतं. खुर्ची हलवलीस तर आधी सांग. त्यांना मदत हवी असली तर त्या मागत नाहीत, "पाऊस येणार का" असं विचारतात. तेव्हा आकाशाकडे बघायचं नाही, त्यांच्याकडे बघायचं. पाण्याचा पेला नेहमी उजव्या हाताला. केस मी धुते. पाणी किती गरम ते त्या सांगणार नाहीत, चालेल म्हणतील, म्हणून स्वतःचं कोपर बुडवून बघायचं. घरात नुसतं फिरू नये, काहीतरी गुणगुणत फिरावं, निदान चप्पल वाजवावी. कोण कुठे आहे हे कळलं नाही की त्या एका जागी बसून राहतात आणि विचारलं तर म्हणतात, बरं वाटलं बसून.

तुझ्याकडे जी आहे तिलाही हे वाचून दाखव. आई तिच्याशी नीट वागतील. माझ्याशी वागल्या.

आईंना अजून विचारलं नाही. विचार करून सांगतील.

एक गोष्ट. तू लिहिलं आहेस की हा विचार "माझ्याच मनातला" आहे. दोन पानांत तीनदा लिहिलं आहेस. एकदा पुरलं असतं.


९ मार्च

सरळ लिहिते.

तुझं ते पत्र येण्याआधीच्या मंगळवारी मी घरात होते. मंगळवारी दुपारी मी हाताच्या व्यायामाला जाते हे आईंना माहीत आहे. त्या दिवशी व्यायामवाल्या बाईंनी सुट्टी घेतली होती आणि आईंना सांगायचं माझ्या मनातून गेलं. मी आत बसून जुना मजकूर तपासत होते, हेडफोन गळ्यात होते. जुना कीबोर्ड असता तर त्यांना कळलं असतं. त्यांनी कानोसा घेतला असेल. मग फोन लावला. म्हणजे तू करत नव्हतास, त्या करत होत्या.

तुझं बोलणं मला ऐकू आलं नाही. त्यांचं आलं.

"नाही, ती नाहीये घरात. ऐक. मला तुझ्याकडे ने. अरे, इथे मला काय कमी आहे? तिचे हात गेले. संध्याकाळचंही काम घेते ती, माझ्या औषधपाण्यासाठी. तिच्या हातांवर मी बसले आहे. नाही, मी म्हणाले असं सांगायचं नाही. तुझा हट्ट आहे असं लिही. मी म्हणाले कळलं तर ती सोडायची नाही. आणि तू हट्टी आहेस हे तिला पटायला अवघड नाही."

मला खोकता आलं असतं. खोकले नाही. त्या फोन ठेवून खोलीत गेल्या, तरी मी तशीच बसून होते, एकही अक्षर न उमटवता. आवाज होणार नव्हताच, तरीसुद्धा.

म्हणून मागचं पत्र तसं लिहिलं. तू तुझं काम केलंस, मी माझं. तिघंही एकमेकांना न कळू देता एकमेकांची सोय बघत होतो. असं सगळं ठाकठीक चाललं असतं तर एप्रिलात आई निघून गेल्या असत्या आणि एकालाही ते नको होतं. तुझं मी गृहीत धरते आहे. चुकत असले तर लिही.

काल दुकानात गेले. दुकानदाराला विचारलं, सगळे स्विच मुके ठेवून एकच बोलका बसवता येईल का? त्याने डोळे मिटले. "कुठला एक?"

"ते मला ठरवायचं नाही," मी म्हटलं.

त्याने ती लाकडी पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. सोमवारी परत आणा, म्हणाला. असं सहसा देत नाही, असंही म्हणाला.

आईंच्या मांडीवर पाटी ठेवली. त्यांनी आधी सगळ्यांवरून तळहात फिरवला, मग एकेकावर तर्जनी ठेवली. इतक्या वर्षांनंतरही त्यांचं बोट दाबत नाही, टिपतं.

"हा गुळगुळीत. गोडबोल्या," पहिल्याला म्हणाल्या. "याच्यावर विश्वास नको. हा पुढचा तुझा आत्ताचा, नाही का? चांगला आहे. सांगतो पण बोभाटा करत नाही." एकावर थांबल्या. पुन्हा दाबला. "आमच्या हेडक्लार्कची पट्टी अशी वाजायची टेबलावर. हा नको." शेवटून दुसऱ्यापाशी त्यांचं बोट राहिलं. त्याचा आवाज मोठा नव्हता. कोरडा आणि नेमका होता. "हा. पण याचं करायचं काय? तुझ्या बोटांना मुकाच बरा."

"एकच बसवायचा. मी घरात आहे हे तुम्हाला कळावं म्हणून."

"मला कळून काय करायचंय? मी तर आता चालले." पाटी त्यांनी बाजूला ठेवली. "आला ना त्याचा हट्ट? तू बोलली नाहीस, पण त्याने लिहिलं असणार."

"आला. आई, त्या मंगळवारी मी घरात होते."

त्यांचे हात मांडीवर होते, ते तसेच राहिले. खालच्या रस्त्यावरून कोणीतरी सायकल ढकलत नेत होतं, तिची साखळी पार वळणापर्यंत ऐकू आली.

"सगळं ऐकलंस?"

"तुमच्या बाजूचं."

"मग खोकायचं नाही का गं माणसाने?"

"खोकले असते तर हवामान विचारून फोन ठेवला असतात."

त्या हसल्या नाहीत. "मी खोटं काय बोलले? हात गेले ना तुझे?"

"हात जड बटणांनी गेले. आणि मी उठसूट तळाला आपटत होते त्याने. दुकानदार साक्षीला आहे."

"आणि संध्याकाळचं काम?"

तेव्हा मी खरं सांगितलं. तुलाही सांगते, कारण आता लपवण्यात अर्थ नाही. संध्याकाळचं काम औषधांसाठी नाही. संध्याकाळी मला रिकामं बसवत नाही. तू गेलास तेव्हापासूनचं आहे ते. सहा ते आठ कोणाचं तरी हृदय, कोणाचं तरी फुप्फुस कानात बोलत असलं की बरं जातं. डॉक्टरीणबाई म्हणतात ते बंद करा. बंद करीनही. पण मग सहा ते आठ या घरात दुसरं कोणीतरी हवं.

हे इतकं सलग मी बोलले नाही. मध्ये थांबले.

"मी राहिले तर तुझं काय होईल?" आईंनी विचारलं.

"स्पेसबार वाजेल."

आता त्या हसल्या. तोंडावर पदर धरून, आवाज न करता.

"स्पेसबारच का?"

"तो अंगठ्याने दाबतात. अंगठा दुखत नाही. आणि दर शब्दाला एकदा येतो, म्हणजे मी जिवंत आहे हे तुम्हाला वरचेवर कळत राहील. खोडायच्या बटणालाही बसवू का? तुम्हाला चहाचं कळायचं त्यावरून."

त्यांनी पाटी पुन्हा मांडीवर घेतली आणि तो कोरडा स्विच शोधून काढला. एकदा दाबला.

"नको," त्या म्हणाल्या. "खोडायचं मुकंच राहू दे. माणसाला थोडंफार कोणाला न कळता खोडता यायला हवं. चहा हवा असला तर तोंडाने माग."

राहणार की जाणार, हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही. मीही विचारलं नाही. बटण मात्र निवडलं आहे.


१६ मार्च

स्विच बसवला. तू लिहिलेला चिमटा उपयोगी पडला. आधी वरचं लांब बटण निघालं, मग खालचा मुका स्विच दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरून उपटला आणि दुकानदाराने दिलेला बोलका जागेवर दाबला. आई शेजारी बसून विचारत होत्या, बसला का, नीट बसला का, पाय वाकले नाहीत ना त्याचे. एक पाय वाकला होता. सरळ करून पुन्हा बसवला.

आता मी शब्द संपवला की भिंतीपलीकडे कळतं. अक्षरं कळत नाहीत. आई म्हणतात, हे बरं आहे, पूर्वी फार तपशील यायचा.

कालपासून संध्याकाळचं काम बंद केलं. सहा वाजता टेबलावरून उठले तर काय करावं कळेना. आईंच्या खोलीत जाऊन बसले. मग त्यांनी विचारलं, पाऊस येणार का. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना काही नको होतं. मला काही हवं आहे का, ते बघत होत्या.

आई येत नाहीत. हे त्या येत्या रविवारी तुला स्वतः सांगणार आहेत. तुला वाईट वाटेल म्हणून कसं सांगावं याची त्यांची तयारी चालली आहे, कालच्या दिवसात माझ्यावर तीनदा म्हणून पाहिलं. तेव्हा पहिल्यांदाच ऐकतो आहेस असं दाखव. थोडा हट्ट कर, मग ऐक. तुला दोन्ही येतं.

पूर्वेच्या खिडकीची खोली मोडू नकोस. हिवाळ्यात त्या काही दिवस पाहुण्या म्हणून येतील म्हणतात. मी आणून सोडीन. दाराशी सोडून परत फिरणार नाही, आत येऊन चहा घेईन, हे तुझ्याकडच्या तिला आधी सांगून ठेव.

हे याच कीबोर्डवर टाइप करताना आईंनी पलीकडून विचारलं, "कोणाला लिहितेस?"

"कामाचं आहे."

"कामाचं लिहिताना इतकी थांबत नाहीस तू."

मी थांबले नव्हते. इथे वर एक ओळ लिहिली होती, ती खोडत होते. बरीच लांब होती. ती खोडताना या घरात कोणालाही काही ऐकू आलं नाही.